विश्रांती विद्यालयाचा संघ

चहा दुसऱ्यांदा आला तरी मुलींच्या सॉफ्टबॉल स्पर्धेचं काही ठरत नव्हतं. अध्यक्षसाहेब टेबलाच्या टोकाला बसून पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. ते हायस्कूलचे हेडमास्तर. सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडूचा खेळ, एवढीच त्यांची माहिती होती, आणि एका बक्षीस समारंभात चेंडू कपाळाला लागल्यापासून तीही खोटी ठरली होती.

"बाद पद्धत ठेवा," ते म्हणाले. "हरला की घरी. लवकर मोकळं होतं सगळं."

"साहेब, पोरी वर्षभर राबतात आणि एका सामन्यात घरी?" त्यांच्याच शाळेतल्या खेळाच्या बाई म्हणाल्या. "साखळी ठेवा. सगळे सगळ्यांशी खेळतील. वरच्या दोघांत फायनल. आणि फायनल मैदानावर. ऑफिसात नाही."

शेवटचं वाक्य बाईंनी सावकाश म्हटलं. कारण गेल्या वर्षी मैदान कोणतं यावरून वाद मिटेना, तेव्हा अजिंक्यपद याच टेबलावर नाणं उडवून ठरलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मैदानाखालचा पाण्याचा नळ फुटला म्हणून दोन्ही संघांना विजेते ठरवलं आणि कप सहा-सहा महिने वाटून दिला होता.

बाईंची सख्खी भाची त्यांच्या संघाची पिचर. हात गरकन फिरवून चेंडू असा सोडायची की मैदानावर तिचं नावच गोफण पडलं होतं. यंदा तिचं आणि संघातल्या बहुतेकींचं शाळेचं शेवटचं वर्ष. पुढे कुणी कॉलेजात जाणार, कुणी परगावी, कुणाच्या घरी अजून काही ठरलेलंच नाही. इतकी वर्षं एकत्र खेळून या पोरींनी फायनल अशी एकदाही खेळली नव्हती. "मावशी, यंदा तरी?" असं गोफणने विचारलं होतं, आणि बाई "यंदा नक्की" म्हणून बसल्या होत्या.

समोर बाजारातल्या शाळेचे खेळाचे मास्तर बसले होते. त्यांच्या गळ्यातली शिट्टी जेवतानाही उतरत नसे, म्हणून त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. "साखळी चालेल," ते म्हणाले. "पण सगळे सामने एका मैदानावर उरकायचे नाहीत."

"मग तळ्याकाठचं घ्या जोडीला," अध्यक्ष म्हणाले. "ते कधीही मोकळंच असतं."

ते कधीही मोकळं का असतं, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना घरी जायचं होतं.

शाळा होत्या सात. साखळीत सात म्हटले की प्रत्येक फेरीत एक संघ जोडीवाचून उरतो. त्यासाठी खेळाच्या मास्तरांची जुनी युक्ती आहे. आठवा एक खोटाच संघ धरायचा. ज्याची गाठ त्याच्याशी पडेल त्याला त्या दिवशी सुट्टी. बाईंनी त्या खोट्या संघाच्या जागी नेहमीप्रमाणे 'विश्रांती' असं लिहिलं आणि वेळापत्रक ऑफिसात दिलं.

ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना खेळातलं काही कळत नसे, पण नीटनेटकेपणाचं भारी वेड. सात नावांपुढे 'विद्यालय' आहे आणि आठवं नाव बिचारं उघडंच, हे काही त्यांना बघवेना. खेळाच्या बाई घाईत विसरल्या असणार, असं समजून त्यांनी तिथेही 'विद्यालय' जोडलं. नवी शाळा आडबाजूची असेल असं वाटून तिचे सगळे सामने त्यांनी तळ्याकाठच्या मैदानावर, सकाळच्या पहिल्या वेळेला टाकले. अध्यक्षांनी न वाचता सही केली. कागद फलकावर लागला. बाईंनी लांबून पाहिला आणि आपणच केलेलं वेळापत्रक पुन्हा काय वाचायचं, म्हणून पुढे गेल्या.

तळ्याकाठचं मैदान जुन्या पंपघराला लागून आहे. पंप केव्हाचे बंद पडलेत. सकाळी तळ्यावरून धुकं उठतं, पंपघराच्या फुटक्या खिडक्यांतून आत शिरतं, दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांतून बाहेर पडतं आणि मैदानात येऊन बसून राहतं. तिथे हाक मारली तर ती थोडी पुढे जाते आणि विरते. परत येत नाही.

या मैदानावर पंच म्हणून पंचकाकांची नेमणूक झाली. पंचकाका पोस्टातून निवृत्त झालेले. छापील कागदावर त्यांचा इतका विश्वास, की कॅलेंडरात पौर्णिमा असेल आणि आकाशात चंद्र नसेल तर ते आकाशाला दोष देत.

पहिली फेरी झाली आणि दुसऱ्या दिवशी फलकावर निकाल लागला. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि हसायलाच लागल्या. 'विश्रांती विद्यालय विजयी. समोरचा संघ गैरहजर. पुढे चाल.'

हसतच त्या पंचकाकांच्या घरी गेल्या. काका ओट्यावर बसून बूट पुसत होते. बुटांना लाल माती आणि शेवाळ लागलं होतं.

"काका, अहो विश्रांती म्हणजे सुट्टी! समोरचा संघ सुट्टीवर होता, म्हणून आला नाही."

"सुट्टीवर असो नाहीतर आजारी असो. जो हजर त्याला पुढे चाल. नियम आहे."

"पण हजर कोण होतं?"

"विश्रांती विद्यालय. नऊच्या नऊ जणी जागेवर उभ्या. मी जायच्या आधीपासून. फार शिस्तीचा संघ हो. आरडाओरडा नाही, पाणी पाहिजे नाही, काही नाही."

बाईंचं हसू जरा बारीक झालं. "काका, तुमच्या चष्म्यावर धुकं बसलं असेल."

"बसलं होतं ना. मी पुसला. पुसला की दिसेनाशा व्हायच्या, हे मात्र खरं. मग नाही पुसला. सामना खोळंबला असता."

बाई तशाच अध्यक्षांकडे गेल्या. त्यांना वाटलं, कागद बदलला की प्रश्न मिटला. पण तोवर उशीर झाला होता. सकाळीच कुणा पालकांनी अध्यक्षांना विचारलं होतं, की साहेब, हे विश्रांती विद्यालय कुठे आलं? स्पर्धेचा अध्यक्ष, आणि आपल्याच स्पर्धेतली शाळा ठाऊक नाही म्हणणार कसं? ते म्हणाले होते, "चांगली शाळा आहे. मी जाऊन आलोय."

"साहेब, अशी शाळाच नाहीये!"

"बाई, हळू बोला. आता नाही म्हणालो तर मी कुठे जाऊन आलो ते सांगावं लागेल."

आणि मग ते पसरतच गेलं. अध्यक्ष जाऊन आले म्हटल्यावर उपाध्यक्षांनाही ती शाळा आठवली. त्यांच्या मते इमारत दगडी होती. टायपिस्टबाई म्हणाल्या, तिथल्या मोठ्या बाई फार कडक, मधल्या सुट्टीतही मुलींना बोलू देत नाहीत. कँटीनवाल्याने गणवेश करडा असल्याचं सांगितलं. एका पालकांना तर त्या शाळेत प्रवेश मिळाला नव्हता आणि त्याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं. ठाऊक नाही असं म्हणायला कुणी तयार नव्हतं. आठवड्याभरात त्या शाळेला भिंती आल्या, जिना आला, घंटा आली. बाईंना वाटू लागलं, की आपण लिहिलेल्या एका शब्दात हे लोक रोज थोडं थोडं सामान नेऊन ठेवताहेत, आणि आता तिथे राहायला कुणीतरी येणार.

विश्रांती विद्यालय रोज जिंकत होतं. बाकीचे मास्तर आपली सुट्टी आहे हे जाणून घरी बसत, आणि पंचकाका पुढे चाल देऊन मोकळे होत. फिरता फिरता बाईंच्या संघाची पाळी आली. त्यांनी पोरींना घरीच ठेवलं आणि काय तो निकाल लावायचा म्हणून स्वतः सकाळी तळ्यावर गेल्या.

धुकं असं होतं की फाटक हाताला लागलं तेव्हा कळलं. आत पंचकाका होमच्या, म्हणजे बॅटवालीच्या जागेच्या, मागे घड्याळ धरून ताठ उभे होते.

"दाखवा, कुठे आहे तुमचा संघ?"

"अहो, समोरच तर आहेत."

समोर धुकं होतं. धुक्यात काही काळपट उभं होतं, खांबांसारखं. बाई मनाशी म्हणाल्या, खांबच आहेत. तेवढ्यात त्यातल्या एका खांबाने वाकून गुडघ्यावर हात ठेवले.

मग आवाज ऐकू आला. थप. जरा थांबून पुन्हा थप. चेंडू एका ग्लोव्हमधून दुसऱ्या ग्लोव्हमध्ये गेल्याचा आवाज. बाईंनी तो आयुष्यभर ऐकला होता, झोपेतही ओळखला असता. त्या पहिल्या बेसपर्यंत गेल्या. ओल्या मातीत बुटांचे ठसे होते. पहिल्या बेसपासून दुसऱ्याकडे गेलेले, स्वच्छ, ताजे. पण पहिल्या बेसपर्यंत आलेला एकही ठसा नव्हता. जी कुणी धावली होती ती तिथूनच सुरू झाली होती.

तेवढ्यात धुक्यातून एक चेंडू लोळत आला आणि बाईंच्या बुटाला लागून थांबला. त्यांनी उचलला. हौदातून काढल्यासारखा गार आणि ओला. पण वीस-एक वर्षांची सवय भीतीपेक्षा आधी बोलली.

"असा लोळवत देतात का चेंडू? हातात द्यायचा! छातीच्या उंचीला!" आणि त्यांनी तो धुक्यात परत फेकला.

कुठे पडल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने चेंडू परत आला. छातीच्या उंचीला, सरळ, बरोबर त्यांच्या दोन्ही हातांत.

"शाब्बास," बाई पुटपुटल्या. चेंडू त्यांनी हळूच खाली ठेवला आणि फाटकाकडे चालायला लागल्या. मग भरभर चालायला लागल्या. मग धावायलाच लागल्या.

"अहो बाई, सही राहिली!" मागून पंचकाका ओरडले. "तुमचे गडी कुठेत? मग मी पुढे चाल देतोय हं!"

साखळी संपली. विश्रांती विद्यालय पहिलं, एकही पराभव नाही. बाईंचा संघ दुसरा. शिट्टीसरांचा तिसरा. फायनल पहिल्या दोघांत.

"हे पाहा," अध्यक्ष म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेता? फायनलला विश्रांती आली नाही तर तुम्हाला पुढे चाल. कप तुमच्या पोरींचा. आणि आली..." ते पेनाचं टोपण लावू लागले. "नाही येणार."

बाईंनी हे घरी सांगितलं तेव्हा गोफण जेवत होती. तिने हात आखडला.

"म्हणजे यंदाही नाही."

"अगं, कप मिळतोय की!"

"मावशी, कप काय, भांड्यांच्या दुकानातही मिळतो. तू म्हणाली होतीस, मैदानावर."

ती ताटावरून उठली नाही, पण पुढे जेवलीही नाही. बाई दुसऱ्या दिवशी शिट्टीसरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोघांचं एरवी कशावर जुळत नसे. पण शिट्टीसरांच्याही घरात रुसवा होता. त्यांच्या संघाची कॅप्टन त्यांचीच मुलगी. मैदानात तिचं तोंड अखंड चालू असायचं, म्हणून तिला भोंगा म्हणत. तिसरा नंबर आल्यापासून ती घरात एक अक्षर बोलली नव्हती, आणि घरातल्यांना त्या शांततेची भीती वाटत होती.

"साधा उपाय सांगू?" शिट्टीसर म्हणाले. "विश्रांती येणार नाही. मग विश्रांती आपणच आणू. आमच्या पोरींना करडा गणवेश घालतो. टोप्या डोळ्यांवर. नाव विश्रांतीचं, खेळणार आमच्या. तुमच्या पोरींना खरी फायनल, आमच्यांनाही, आणि साहेबांची अब्रू शाबूत."

"कुणी ओळखलं तर?"

"तोंड उघडायचं नाही असं सांगतो. भोंग्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावतो हवं तर."

अध्यक्षांना हा उपाय इतका आवडला की तो आपल्यालाच सुचला होता असं ते संध्याकाळपर्यंत सांगू लागले. फक्त मैदानाचा प्रश्न होता. तळ्याकाठी बाई जायला तयार नव्हत्या. आणि प्रमुख पाहुण्यांचे गुडघे दुखत होते. अध्यक्षांनी शिट्टीसरांना फोन केला. "तळं रद्द. फायनल आपल्याच मैदानावर ठेवलीय. पोरींना घेऊन वेळेवर या म्हणजे झालं."

"अगदी वेळेवर," शिट्टीसर म्हणाले.

फायनलच्या सकाळी धुकं तळ्यावर थांबलंच नाही. ते गावात आलं. रस्ते, दुकानं, शाळेची पाटी, सगळं त्यात बुडालं. हायस्कूलच्या मैदानावर टेबल मांडलं, त्यावर कप ठेवला, तर टेबलाच्या या टोकावरून कप दिसेना. पाहुण्यांनी भाषण केलं. विश्रांती विद्यालयाशी आपले जुने ऋणानुबंध असून तिथल्या निकालाची परंपरा उज्ज्वल आहे, असं ते म्हणाले. अध्यक्षांनी मान डोलावली आणि त्यांच्याकडे बघणं टाळलं.

पंचकाका घड्याळ धरून होमच्या मागे होते आणि करड्या गणवेशातल्या मुली येऊन उभ्या होत्या. केव्हा आल्या ते कुणी पाहिलं नाही. टोप्या डोळ्यांवर, तोंडं बंद, ठरल्याप्रमाणे. शिट्टीसर कुठे दिसले नाहीत, पण ओळख लपवायला मागे राहिले असतील, असं बाईंना वाटलं. त्यांनी पोरींना बजावलं, "नावाने हाक मारायची नाही. ओळख दाखवायची नाही. फक्त खेळा."

आणि पोरी खेळल्या. असा खेळ त्या मैदानाने पाहिला नव्हता. गोफणचा हात फिरे आणि चेंडू सुटलेला दिसे, पोचलेला दिसत नसे. पण करड्या मुलीही कमी नव्हत्या. चेंडू टोलावल्याचा आवाज यायचा तो उशिरा, आणि भलत्याच दिशेने. एक धाव यांची, एक त्यांची. बाई ओरडून ओरडून घोगऱ्या झाल्या.

डाव बदलताना बाईंच्या संघाची कॅचर धावत आली. "बाई, एक विचारू? थंडी आहे ना? आपल्या सगळ्यांच्या तोंडातून वाफ येतेय."

"मग?"

"त्यांच्या नाही येत."

"तोंड बंद ठेवायला सांगितलंय त्यांना," बाई म्हणाल्या. "जा, जागेवर जा."

गोफणही पाणी प्यायला आली. "मावशी, भोंगा खरंच गप्प आहे गं. मी मुद्दाम तिच्यासाठी सोपा चेंडू टाकला, 'घे, तुझ्या आजीसाठी टाकलाय' म्हटलं. नुसती बघत राहिली. टोपीखाली तोंड दिसतच नाही."

"तू तुझं काम कर."

"करतेय की. भारी मजा येतेय." आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की बाईंनी पुढचं काही विचारलं नाही. आपण काय विचारणार होतो, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

शेवटच्या डावात बरोबरी होती. करड्या संघातल्या एकीने चेंडू सेंटरच्या, म्हणजे मैदानाच्या मधोमध मागे उभ्या पोरीच्या, डोक्यावरून उंच मारला. सेंटरची पोरगी मागे मागे धावली, खड्ड्यात पाय मुरगळून बसली, आणि तेवढ्यात एक करडी आकृती होमवर पाय टेकवून निघून गेली. बाईंच्या पोरी एका धावेने हरल्या.

पोरी रडल्या, पण रीत म्हणून रांगेत जाऊन हात मिळवून आल्या. आल्या त्या आपापले तळवे गणवेशाला पुसतच. "ओल्या फडक्यासारखे हात आहेत गं त्यांचे," एकजण म्हणाली.

"विजयी संघाच्या कर्णधाराने पुढे यावं!" अध्यक्षांनी कप उचलून पुकारलं.

कुणी आलं नाही. ते कप घेऊन धुक्यात दहा-वीस पावलं चालून गेले आणि कप घेऊनच परत आले. मैदान रिकामं होतं.

"लाजाळू असतात तिकडच्या मुली," पाहुणे म्हणाले.

इतक्यात फाटकाबाहेर टेम्पो थांबला आणि भोंगा सुरू झाला. "गोफणेऽऽ! अगं कुठे आहेस? अभिनंदन, ढमे! शेवटचा चेंडू कसला टाकलास! मला दिसलाच नाही!"

टेम्पोतून करड्या गणवेशातल्या मुली उतरल्या. गुडघे मातीने माखलेले, डोळे रडून सुजलेले, तोंडातून वाफ. मागून शिट्टीसर आले आणि त्यांनी बाईंपुढे हात केला. "मानलं बाई तुम्हाला. एका धावेने घेतलात सामना. आम्ही पोचायच्या आत तुम्ही इथे परतही आलात?"

"घेतला?" बाई म्हणाल्या. "अहो, हरलो आम्ही. तुम्ही जिंकलात. इथे. आत्ता."

"इथे कुठे? आमच्या मैदानावर!"

"सर, फायनल या मैदानावर होती!"

"साहेब स्वतः म्हणाले, फायनल आपल्याच मैदानावर!"

"आपल्या म्हणजे आपल्या!" अध्यक्ष ओरडले.

"तेच म्हणतोय मी. आपल्या म्हणजे आमच्या! मला वाटलं, साहेब मानाने बोलताहेत!"

मग भोंगाच हळू आवाजात म्हणाली, "गोफणे, तू आज मला एक टोमणा मारला नाहीस. मला वाटलं तुला ताप आहे."

"मी नव्हतेच तिथे," गोफण म्हणाली. "तू माझ्याकडे नुसती बघत राहिलीस ना, सोप्या चेंडूला?"

"कुठल्या चेंडूला?"

दोन्ही संघ नकळत एकमेकांच्या जवळ सरकले.

"तुमच्याकडे पंच कोण होता?" बाईंनी विचारलं.

"होता एक म्हातारासा. आम्हाला वाटलं तुम्हीच पाठवला. बोलला नाही काही. बाद असलं की हात वर करायचा, बस."

अध्यक्ष खुर्चीत बसले. त्यांनी कपाळ पुसलं, जिथे एकदा चेंडू लागला होता तिथेच. मग त्यांच्यातला हेडमास्तर जागा झाला. "पण मग अडचण कुठे आहे? इथेही त्याच जिंकल्या, तिथेही त्याच. दोन्ही मैदानांवर निकाल एकच आहे. विश्रांती विद्यालय विजयी. वाद संपला. कप त्यांच्या शाळेत पोचता करू."

"पत्ता?" पंचकाकांनी खिशातून पेन काढलं. जन्म पोस्टात गेला होता.

अध्यक्षांनी कप टेबलावर ठेवला. "मी जाऊन आलोय," ते म्हणाले, "पण रस्ता लक्षात राहिला नाही." आणि पाहुण्यांचा दंड धरून ते त्यांना लगबगीने चहाला घेऊन गेले.

मैदानात पोरी उरल्या. कप टेबलावर धुक्यात घामेजत होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"मावशी," गोफण म्हणाली, "म्हणजे आमची फायनल अजून झालीच नाही."

"आमचीही नाही," भोंगा म्हणाली. "आम्ही हरलो, तुम्ही हरलात. आता कोण जास्त हरतं ते बघू. घ्या बॅट!"

पंचकाकांनी मान हलवली. छापील वेळापत्रकात हा सामना नव्हता. तेही चहाला गेले. शिट्टीसरांनी गळ्यातली शिट्टी काढली, पहिल्यांदाच, आणि बाईंच्या हातात दिली. "तुम्हीच पंच. मला आज माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

"आमची सेंटरची पाय मुरगळून बसलीय," बाई म्हणाल्या. "आठजणीच आहेत. चालेल?"

"सेंटर मोकळं सोडा. भोंगा तिथेच मारणार, माझी पोरगी आहे."

ती खरी फायनल होती यात शंका नाही. एकमेकींच्या आजीपासून वेणीपर्यंत सगळ्याचा उद्धार झाला. भोंग्याने गोफणच्या हाताला पंख्याचं पातं म्हटलं, गोफणने भोंग्याच्या बॅटला लाटणं म्हटलं. पोरी पडल्या, उठल्या, भांडल्या. पाय मुरगळलेली पोरगी बाईंच्या शेजारी बाकावर पाय पसरून बसून दोन्हीकडच्यांना शिव्या देत होती. धुकं विरत आलं होतं. फक्त मैदानाच्या टोकाला, सेंटरच्या मागे, एक पट्टा अजून जमिनीला धरून होता.

आणि भोंग्याने मारलाच तिथे. उंच, लांब, मोकळ्या सेंटरवर. ती बॅट टाकून ओरडत धावत सुटली. चेंडू धुक्यात गेला.

थप.

सगळं मैदान थांबलं. मग चेंडू परत आला. छातीच्या उंचीला, सरळ, गोफणच्या दोन्ही हातांत. तिने चेंडूकडे पाहिलं. बाईंशेजारच्या बाकावर बसलेल्या सेंटरच्या पोरीकडे पाहिलं. मग मावशीकडे.

"मावशी," ती बारीक आवाजात म्हणाली, "सेंटरला आपली कोण उभी आहे?"

बाईंनी धुक्याच्या त्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं. कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवून वाकलेलं होतं, पुढच्या चेंडूसाठी तयार.

"झेल घेतला ना तिने?"

"घेतला."

"मग विचारतेस काय?" बाई म्हणाल्या, आणि हात वर करून जोरात शिट्टी फुंकली. "बाद! पुढची!"